तळव्यालाही मणी

उन्हाळा लागला की आमच्या प्लम क्रीकला दोन गोष्टी हमखास येतात: टोळ, आणि आपलं रक्त शोधत निघालेले गोरे लोक. टोळ निदान प्रश्न विचारत नाहीत. गोरे येतात ते गावच्या हॉलसमोर गाडी लावतात, टोपी काढतात आणि सांगतात की त्यांची पणजी सू राजकन्या होती. सू हे आमच्या मूळनिवासी जमातीला बाहेरच्यांनी दिलेलं नाव, आम्ही स्वतःला लाकोटा म्हणतो, पण तेवढ्यावरून मी कुणाला दारातून परत पाठवत नाही. राजकन्येचं मात्र हसू येतं. आमच्यात राजे कधी नव्हतेच. एकाला मी विचारलंही होतं, "सगळ्यांच्या पणज्या राजकन्या, तर मग भांडी कोण घासत होतं रे?" तो गडी हसला नाही. अजूनही विचार करत असेल बिचारा.

२००४ च्या ऑगस्टात मला हसायलाही फुरसत नव्हती. माझी थोरली बहीण बर्नाडेट जाऊन वर्ष होत आलं होतं. मी सहासष्ट वर्षांची, ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि आई गेल्यापासून तीच माझी आई. ती गेली त्या दिवशी मी वेणी कापून टाकली आणि वर्षभर ना कुठल्या नाचाला गेले ना कुठल्या लग्नाला. वर्ष सरलं की आम्ही गावजेवण घालतो आणि गेलेल्या माणसाच्या नावानं जे काही जमवलं असेल ते लोकांना वाटून टाकतो. आमच्यात मेलेल्याच्या नावानं घर भरत नाहीत, रिकामं करतात. मी चाळीस गोधड्या वाटायचं ठरवलं होतं, मधोमध आठ टोकांचा मोठा तारा असलेल्या. जेवण शनिवारी होतं आणि सोमवार उजाडला तरी सात गोधड्या व्हायच्या होत्या.

खरं म्हणजे आठ. आठवी ताईच्या ट्रंकेत होती. कापड तिनं स्वतः कापलेलं, तारा निम्म्याहून जास्त जोडलेला, आणि मग आजारपणात तिचे हात थांबले. ती कुणासाठी, ते तिनं सांगितलं नव्हतं. वर्षभर मी ती ट्रंक उघडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती ती गोधडी द्यायला माझं मन धजत नव्हतं, आणि स्वतःकडे ठेवणं तर आमच्यात बसतच नाही.

तर त्या सोमवारी मी आणि गावातल्या चार बायका हॉलमध्ये मशिनी घेऊन बसलो होतो, आणि दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, उन्हानं नाक लाल झालेलं, हातात कागदांची जाडजूड फाइल.

"माफ करा, यूनिस हाय पाइन आपणच का? जमातीच्या कचेरीतून सांगितलं की जुन्या घराण्यांची माहिती तुमच्याकडे मिळेल."

"ती माहिती माझ्या बहिणीला होती. ती गेली. मला फक्त शिवता येतं."

"मी ग्रेटा. आयोवाहून आले. माझ्या आईची आजी सू होती."

"राजकन्या?" मी मान वर न करता विचारलं. बायका खुदखुदल्या.

"नाही हो. आई तसं कधी म्हणाली नाही. नुसती आजी होती म्हणते."

तेव्हा मी मान वर केली. नुसत्या आजीला शोधत इतक्या लांब आलेलं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

तिनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तिच्या आईचं नाव सोल्वेग. वय ऐंशी, हृदय थकलेलं, एका वृद्धाश्रमात पडून. डॉक्टरांनी पानगळीपर्यंतची मुदत दिलेली. ही सोल्वेग लहान असताना तिची आई अल्मा तिला सांगायची, "तुझी एक आजी सू आहे बरं का, विसरू नकोस." सोल्वेग सात वर्षांची असताना अल्मा वारली. बापानं दुसरी बायको केली, आणि त्या बाईनं घरात हा विषयच बंद करून टाकला. आता मरणाच्या दारात सोल्वेगचा एकच ध्यास होता. ग्रेटा म्हणाली, "रोज विचारते, माझी आजी कोण होती गं, नाव तरी काढून आण. मी तिला वचन देऊन आलेय."

"कचेरीत अर्ज दिलास?"

"दिलाय. दोन दिवस लागतील म्हणाले."

"मग दोन दिवस काय करणारेस? हात रिकामे ठेवून या हॉलमध्ये बसायचं नसतं. ती इस्त्री घे."

अशी ती इस्त्रीला लागली. कापडाचे शंकरपाळी तुकडे इस्त्री करून रंगवार लावायचे, सोपं काम. तेही तिनं दोनदा उलटसुलट केलं. दुपारी मी तिला मशीनवर बसवलं तर तिची शिवण अशी वाकडी, की ती गेल्यावर मला निम्मी उसवावी लागली. पण पोरीनं पाठ टेकली नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

संध्याकाळी ऑरव्हिल आला. ऑरव्हिल माझा दीर. माझा नवरा जाऊन बारा वर्षं झाली, पण दीर काही जात नाही. दीर-भावजयीनं एकमेकांची टर उडवायची हा आमच्यात हक्कच, आणि ऑरव्हिल हक्क सोडणाऱ्यातला नाही. त्रेसष्टचा झाला, लग्न केलं नाही, आणि नवी बाई गावात आली की आपल्या पिकअपची काच पुसतो.

"वहिनी, ही कोण नवी सून आणलीत?"

"रक्त शोधायला आलीय."

"माझं घे की," तो ग्रेटाला म्हणाला, "भरपूर आहे, आणि साखरही आहे त्यात. लग्न केलंस तर बरोबर दोन घोडे देईन. एक लंगडा आहे, पण स्वभावानं चांगला."

ग्रेटा कानापर्यंत लाल झाली. पण मग म्हणाली, "आधी चांगल्या पायाचा दाखवा, मग बघू." बायका मशिनी थांबवून हसल्या. मलाही हसू फुटलं, आणि माझ्याच कानाला ते नवं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं चूक केली. माझ्या कानातल्या निळ्या खड्यांच्या डुलांकडे बघून म्हणाली, "किती सुंदर आहेत हो तुमचे डूल!" आता आमच्यात एखाद्याला वस्तू इतकी आवडली तर ती द्यावी लागते. मी डूल काढले आणि तिच्यापुढे ठेवले.

"अहो नाही! मी तसं म्हटलं नव्हतं. परत घ्या ना."

"हे बघ, कान तर उघडे पडलेच. आता परत करून अपमान कशाला करतेस? दिलेलं घ्यायचं, आणि पुढं कधी कुणाला काहीतरी द्यायचं. झालं."

"वहिनी," ऑरव्हिल दारातून ओरडला, "हिला माझी पिकअप आवडू देऊ नका हं!"

तिनं डूल घातले. तिला ते शोभत नव्हते, पण ती दर घटकेला हात लावून बघत होती.

बुधवारी कचेरीचं उत्तर आलं. जुन्या सगळ्या याद्या बघून झाल्या, काही नाही. वर तिच्या फाइलीत नॉर्वेतल्या चर्चचा कागद होताच. अल्मा नॉर्वेत जन्मलेली, तिचा नवराही नॉर्वेतला, दोघांच्याही आया तिथंच पुरलेल्या. सोल्वेगला दोनच आज्या असणार आणि त्या दोघींनी आयुष्यात कधी समुद्र ओलांडला नव्हता. सू आजीला शिरायला जागाच नव्हती. कचेरीतल्या बाईनं अगदी समजावून सांगितलं म्हणे, पाणीही दिलं.

ग्रेटा हॉलमध्ये आली, मशीनवर बसली आणि मान खाली घालून शिवत राहिली. शिवण मात्र त्या दिवशी सरळ आली. जाताना म्हणाली, "आईला काय सांगू, यूनिसबाई? तिच्या आईनं तिला खोटं सांगितलं, असं?"

खोट्या आज्या सांगणारे पुष्कळ बघितले होते मी. पण आई स्वतःच्या लेकीला खोटी आजी कशाला देईल, हे मात्र मला रात्रभर टोचत राहिलं.

गुरुवारी सातव्या गोधडीची शेवटची शिवण पडली. शुक्रवारी सकाळी ग्रेटा निरोप घ्यायला आली. हातात चपलांच्या खोक्याएवढा एक पुठ्ठ्याचा डबा होता.

"शनिवारचं जेवण आहे ना, राहा की," मी म्हटलं.

"नको. मला इथं बसायचा हक्क नाही. आणि हेही ठेवायचा नाही." तिनं डबा टेबलावर ठेवला. "आईच्या कपाटातलं आहे. आम्ही हेच पुरावा धरून बसलो होतो. आता रक्ताचंच काही नाही म्हटल्यावर हे तुमच्या लोकांचं. तुम्हाला परत करतेय."

माझा पारा चढला. "परत? परवा डूल दिले तेव्हा काय सांगितलं मी? अगं, कुणीतरी कुणालातरी दिलेलं असेल ना हे? दिलेली वस्तू परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. तुमच्याकडे पद्धत काय आहे, कुणी प्रेमानं दिलं की इतक्या वर्षांनी नेऊन फेकायचं?"

आता बोलून बसलेच होते, म्हणून रागारागातच मी डब्याचं झाकण काढलं.

आत तान्ह्या बाळाचे जोडे होते. कातड्याचे, वरून सगळे मण्यांनी भरलेले, माझ्या अंगठ्याएवढे लांब. निळ्या जमिनीवर पांढरे डोंगर. आणि घोट्याशी एक ओळ पिवळी. साधी पिवळी नाही, शिळ्या लोण्यासारखी. मी जोडे उलटे केले. तळव्यालाही मणी होते.

"एका संग्रहालयात दाखवले होते," ग्रेटा हळूच म्हणाली. "तळव्याला मणी म्हणजे मेलेल्याचे जोडे, असं म्हणाला तिथला माणूस."

"मेला असेल तो संग्रहालयवाला," मी म्हणाले. "हे आजीच्या मांडीवरून खाली न उतरणाऱ्या बाळाचे आहेत. ज्याला चालावं लागत नाही, उचलून घ्यायला घरभर माणसं असतात, त्याचे. बस तिथं. हलू नकोस."

घर हॉलच्या मागंच आहे. मी गेले आणि कॉफीचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात माझे स्वतःचे जोडे होते, माझ्या आजीनं मी जन्मले तेव्हा केलेले. ताईचे ताईबरोबर मातीत गेले. मी माझे जोडे तिच्या जोड्यांशेजारी ठेवले. निळी जमीन, पांढरे डोंगर, लोण्याची ओळ. ते पिवळे मणी आजीला तिच्या आईकडून मिळाले होते, एकच पिशवी, आणि दुसऱ्या कुणाकडे तसे मी बघितलेले नाहीत. तळवे उलटे केले. दोन्हीकडे मण्यांची रांग टाचेशी एकाच तऱ्हेनं तिरपी वळलेली, कारण आजीचा डावा डोळा अधू होता.

बायका उठून भोवती आल्या. एकीनं तोंडावर हात ठेवला.

"ग्रेटा," मी विचारलं, "तुझ्या आजीनं, अल्मानं, शेतावर ओट्स लावले होते का गं?"

"ओट्स? हो, म्हणजे आईनं तेवढंच ऐकलेलं आहे. ती तान्ही असताना ते इकडं कुठंतरी शेती करत होते. दुष्काळात सोडून आयोवाला गेले."

मग मी तिला ती गोष्ट सांगितली जी ताई दर गावजेवणाच्या वेळी सांगायची. माझी आई नऊ वर्षांची आणि मावशी सहा वर्षांची असताना सरकारी माणसांनी त्यांना उचलून निवासी शाळेत घातलं. तिथं केस कापले, आपल्या भाषेत बोललं की तोंडात साबण. १९२४ च्या फेब्रुवारीत दोघी पळाल्या. बर्फातून पायी. दुसऱ्या रात्री एका गोऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात गवतात शिरल्या. पहाटे घरची बाई दूध काढायला आली तर गवतातून चार पाय बाहेर आलेले, काळेनिळे पडलेले. बाईच्या पाठीशी शालीत तान्हं मूल बांधलेलं होतं. तिनं मूल गवतावर ठेवलं आणि मावशीचे पाय स्वतःच्या पोलक्यात, पोटाशी धरले. दुपारी शाळेचा माणूस घोड्यावरून विचारत आला. ती दारात मूल घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी कुणाला बघितलं नाही. चार दिवस ठेवलं. मग गाडीत ओट्सच्या पोत्यांखाली दोघींना निजवून तीस मैलांवर आमच्या आजीच्या दारात आणून सोडलं.

"आजीला इंग्रजी येत नव्हतं," मी म्हणाले. "त्या बाईलाही धड येत नसावं. आजीनं तिला सूप वाढलं आणि ती जेवेपर्यंत तिची तान्ही मुलगी मांडीवर घेऊन बसली. वसंतात आजी काहीतरी घेऊन त्यांच्याकडे चालत गेली होती, एवढं ताईला माहीत होतं. काय नेलं, ते आम्हाला कधी कळलं नाही. बाईचं नावही नाही. आम्ही तिला ओट्सवाली म्हणतो."

ग्रेटा रडत होती. मीही. सांगायला लाज कसली. माझ्या आईला आणि मावशीला ज्या बाईनं वाचवलं तिच्या नातीला मी आठवडाभर इस्त्रीला बसवलं होतं.

नाक पुसून ती म्हणाली, "म्हणजे रक्ताचं काहीच नाही."

"रक्ताचं? शून्य. तुला जमातीच्या यादीत नंबर मिळायचा नाही, घर मिळायचं नाही, कचेरीतली ती बाई बरोबरच सांगत होती. पण तळव्याला मणी आजी फक्त स्वतःच्या नातवंडांना लावायची. मला, ताईला, मावशीच्या मुलांना. शेजारणीच्या बाळाला नाही, पाद्र्याच्या बाळाला नाही. तुझ्या आईला तिनं नात करून घेतलं होतं. माणूस आपलं करून घेणं ही आमच्यात गंमत नसते, त्याला लग्नाइतकीच किंमत आहे. अल्मानं लेकीला काहीही खोटं सांगितलं नाही. तिची एक आजी खरंच सू होती."

मग मी नातं मोजायला लागले, सवयीनं, बोटांवर. आजीची नात म्हणजे माझी बहीण. वय ऐंशी, म्हणजे माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. म्हणजे...

थोरल्या बहिणीला मारायची ती हाक वर्षभर माझ्या तोंडून निघाली नव्हती. निघायला जागाच उरली नव्हती. मी बोटं मिटली. ताईला हे बघायला मिळालं नाही याचं इतकं वाईट वाटलं, आणि त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरलं, की दोन्हींतलं मोठं कुठलं ते मला आजही सांगता येणार नाही.

नेमका तेव्हाच ऑरव्हिल मांसाचं पिंप घेऊन आत आला. "काय नवरीबाई, ठरली का तारीख?"

कुणी हसेना. "ऑरव्हिल," मी म्हणाले, "टोपी काढ. ही माझ्या बहिणीची मुलगी आहे. आमच्यात बहिणीची मुलगी म्हणजे माझीच मुलगी. मी तुझी वहिनी. आता सांग, ही तुझी कोण?"

ऑरव्हिलनं पिंप खाली ठेवलं. ओठ हलवून हिशेब केला. भावाची मुलगी आमच्यात पुतणी नसते, सरळ मुलगी असते. त्याचा चेहरा असा पडला की बायकांना टेबल धरून बसावं लागलं. त्यानं टोपी काढली, घसा साफ केला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "पोरी, जेवलीस का?"

त्या दिवसापासून त्यानं तिची एकदाही टर उडवली नाही. बापाला ते शोभत नाही. आता जावई कुठला, काय करतो, याची चौकशी करत असतो, आणि लंगडा नसलेला घोडा तिच्या नावानं बाजूला काढलाय.

दुपारी मी ताईची ट्रंक उघडली. तारा निघाला तो निळा आणि पांढरा, कडेला पिवळा. ताईनं हे रंग का घेतले होते, मी विचारलं नव्हतं, आता विचारायला ती नाही. उरलेली दोन टोकं मी आणि ग्रेटानं मिळून जोडली. तिच्या टोकाची शिवण वाकडी आली. "उसवू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

शनिवारी सगळं गाव आलं. जेवायला बसण्याआधी सूप, तळलेला फ्रायब्रेड आणि चोकचेरीच्या रानफळांच्या गोड पन्ह्यातलं थोडं थोडं काढून गेलेल्यांसाठी एक ताट करतात आणि बाहेर झाडाखाली नेऊन ठेवतात. हे काम ताईचं असायचं. ती एकेकाचं नाव घ्यायची आणि शेवटी मांसाचा एक तुकडा ठेवून म्हणायची, "आणि हे ओट्सवालीला. जिवंत असली तर पोटभर जेवेल, दुसरं काय." त्या दिवशी ताट मी वाढलं. ताईचं नाव घेतलं, आईचं, आजीचं. शेवटचा तुकडा ग्रेटाच्या हातात दिला आणि म्हटलं, तू ठेव.

तिनं ठेवला. "अल्मा," म्हणाली. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा त्या ताटावर ते नाव घेतलं गेलं.

मग आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं माझे आखूड केस विंचरले, तोंड पुसलं, पाणी पाजलं. दुखवट्याचं वर्ष संपलं. गोधड्या वाटून झाल्या, टॉवेल, भांडी, ताईची ट्रंकसुद्धा गेली. शेवटी मी ग्रेटाला पुढं बोलावलं आणि निळा तारा तिच्या खांद्यांवर टाकला. "ही तुझ्या आईला. तिच्या धाकट्या बहिणीनं, बर्नाडेटनं कापलीय." ग्रेटानं तोंड उघडलं, 'नाही नाही' म्हणणार होती, मग हात कानातल्या डुलाकडे गेला आणि तिनं ओठ मिटून घेतले. शिकली पोरगी.

जेवणानंतर सगळे उरलेलं अन्न डब्यांत भरत होते. आमच्याकडे जेवायला येताना प्रत्येक जण रिकामा डबा आणतो; ग्रेटाकडे नव्हता म्हणून चार घरांनी आपापले डबे तिच्या गाडीत कोंबले. तेवढ्यात तिनं हॉलच्या भिंतीवरच्या फोनवरून आईला फोन लावला. काय काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, मुद्दाम लांब उभी राहिले. मग तिनं हात हलवून मला बोलावलं.

माझ्या हातात कॉफीचा डबा होता, का ते ठाऊक नाही, शुक्रवारपासून मी तो खाली ठेवलाच नव्हता. मी फोन कानाला लावला. पलीकडे श्वास ऐकू येत होता, मोठा, कष्टाचा.

"ताई," मी म्हणाले. "मी यूनिस. तुझी धाकटी."

मग आवाज आला, बारीक पण ठाम. "माझ्या आजीचं नाव काय?"

"निळ्या शालीची बाई. चर्चमध्ये एमिली लिहायचे. आम्ही आजीच म्हणायचो."

"आजी," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग विचारलं, "मी कधी आलेच नाही. तिनं वाट बघितली असेल का गं?"

मी डब्याचं झाकण उघडलं. माझ्या जोड्यांखाली एक कातड्याची पुरचुंडी होती, लहानपणापासून बघत आलेली. त्यात मूठभर पिवळे मणी. आजीनं शेवटपर्यंत ते कुणाला वापरू दिले नाहीत. अजून एक जोड करायचा आहे म्हणायची. कुणाचा, विचारलं तर म्हणायची, तिचे पाय आता वाढले असतील, माप मिळालं की करीन. सगळ्या नातवंडांचे जोडे तर झालेले. आम्हाला वाटायचं, म्हातारी चळली.

मी पुरचुंडी मुठीत घट्ट धरली.

"ताई," मी म्हणाले, "तुझ्या पायाचं माप सांग."

"काय?"

"जोडे करायचेत तुझे. आजीचे मणी शिल्लक आहेत, तुझ्या नावचे. पानगळीच्या आत देते करून."

पलीकडे ती रडली की हसली, मला कळलं नाही. मग म्हणाली, "सात. पण सुजतात गं संध्याकाळी, तू आठ धर. आणि तळव्यालाही मणी लाव. मला आता कुठं चालायचंय?"

मी शेजारच्या बाईचं पेन घेतलं आणि तळहातावर आठ लिहून ठेवलं.